वाघईवरचा मधला जोड

आधी कोडं घ्या, गोष्ट मग.

वाघई नदीवरचा पूल अर्धा होता, तेव्हा दोन पावसाळे तो तसाच उघड्यावर उभा राहिला. ऐलतीरावरून एक हात पुढं आलेला, पैलतीरावरून दुसरा, आणि मधे नुसतं आभाळ. खाली खांब नाही, पुढं आधार नाही. पूर आले, वादळं आली, पण त्या दोन हातांना धक्का लागला नाही. पुढं तो पूल पुरा झाला, गाड्या धावू लागल्या. आणि मग श्रावणातल्या एका साध्या झिमझिमीत त्याचा सगळ्यांत लांब दोर नाचायला लागला. अर्ध्या पुलाला जे झालं नाही, ते पुऱ्या पुलाला का व्हावं?

हे कोडं तरवाडीच्या सोयराला पडलं होतं. सोयरा अकरा वर्षांची. वरच्या वर्गांची शाळा पलीकडं सातमाळला, म्हणून रोज पुलावरून जायची. पुलाच्या बरोबर मध्यावर काँक्रीटची एक पट्टी आहे, बाकी रस्त्यापेक्षा रंगानं फिकी. दोन हात शेवटी जिथं जुळले, तो हा जोड. बाकीची मुलं त्यावरून धावत जात. सोयरा मात्र तिथं थांबायची, उडी मारून पट्टी ओलांडायची आणि मग चालू लागायची. त्या पट्टीवर तिनं कधी पाय ठेवला नाही.

कारण तिची आई त्या पट्टीपायी गेली होती. पट्टी नव्हती म्हणून गेली, असं म्हणा.

सोयरा तेव्हा सहा वर्षांची होती. आई बाळंतपणात अडली. वाघईला पूर. सोयराचे आजोबा, तात्या, तरीचे नावाडी. त्यांनी सुनेला नावेत घेतलं, नाव पाण्यात लोटली. पाण्यानं ती परत आणून काठाला लावली. पुन्हा लोटली, पुन्हा तेच. आई काठावर ओल्या घोंगडीवर निजलेली, आणि डोक्यावर पुलाचे दोन हात एकमेकांकडं बोटं करून उभे. सोयरा वर बघत होती. तिला वाटत होतं, आता जुळतील.

"पूल का नाही झाला, तात्या?" तिनं नंतर विचारलं होतं.

"तांत्रिक अडचण होती, बाळ," तात्या म्हणाले होते. "यंत्राबिंत्राचं काही. आपल्याला कळायचं नाही."

वर्षभरानं अडचण मिटली आणि पूल जुळला. तरवाडीकडच्या चाळीस गावांचं नशीब उघडलं म्हणतात, ते खोटं नाही. पूर्वी तरवाडीचं दूध काठावर नासायचं, आता चालक नसलेली दुधाची गाडी पहाटे स्वतःच दारोदार येऊन घेऊन जाते. बदलीचा हुकूम आला की रजा टाकणारे मास्तर आता तासाला हजर असतात. 'पल्याड लेक देऊ नये' ही सातमाळकडची म्हण म्हाताऱ्यांपुरती उरली. पुलावरून जाताना सगळं गाव हात जोडायचं. सोयरा जोडायची नाही. जो उशिरा येतो त्याला पाहुणा म्हणावं, देव कशाला?

पुलावर एक यंत्रमानव राहायचा. माणसासारखा मात्र तो मुळीच नव्हता. लांबट पोट, आठ चाकं, पुढं दोन डोळे, दोन चिमटे आणि एक बारकी हातोडी. दोराला मिठी मारून तो सरसर वर चढायचा, म्हणून गावानं त्याचं नाव 'घोरपड' ठेवलं आणि मग ती 'ती' झाली. दोरांची तपासणी हे तिचं काम. मराठी ती गावात ऐकून ऐकूनच शिकली होती, आणि गाव पडलं माळकऱ्यांचं. त्यामुळं घोरपड लहानथोर सगळ्यांना 'माऊली' म्हणायची. एकदा तिनं पुलावर आडव्या बसलेल्या म्हशीलाही "माऊली, बाजूला व्हा" म्हटलं, तेव्हापासून तरवाडीत तिला सख्ख्या माणसाचा मान.

सोयरा तिच्याशी भांडायची. "तुझा पूल खाली खांब नसताना उभा कसा राहतो? जादू आहे का?"

"जादू असती तर मला हातोडी कशाला दिली असती?" घोरपड म्हणाली. "तुमच्या तात्यांचं उपरणं आणा. आणि पाण्याचे दोन तांबे."

सोयरानं आणलं. घोरपडीनं तिला दोन्ही हात पसरून उभं केलं. उपरणं डोक्यावरून घेऊन त्याची दोन टोकं दोन मनगटांना बांधली आणि मनगटांना एकेक भरला तांबा अडकवला.

"हात दुखतात का?"

"नाही. उपरणंच ओढून धरतंय."

"त्या ओढीला ताण म्हणतात (दोन्हीकडून खेचल्यावर वस्तूच्या आत जागं होणारं बळ). आणि डोक्यावर काय वाटतं?"

"कुणीतरी खाली दाबतंय."

"तो दाब (दोन्हीकडून रेटल्यावर आत जागं होणारं बळ). आता पुलाकडं बघा. तुमचं डोकं म्हणजे तो उंच मनोरा. उपरणं म्हणजे पोलादी दोर. हात म्हणजे रस्ता. रस्त्याचं ओझं दोर वर ओढतात, मनोऱ्याच्या माथ्यावर नेऊन ठेवतात, आणि मनोरा ते सरळ खाली खडकात पोचवतो. म्हणून नदीत जागोजागी खांब लागत नाहीत. याला दोरताण पूल म्हणतात (मनोऱ्याला बांधलेल्या तिरक्या दोरांनी तोललेला पूल)."

"आणि एक तांबा काढला तर?"

"काढून बघा."

सोयरानं एक तांबा सोडला आणि धपकन दुसऱ्या अंगाला कलली. पाणी फ्रॉकवर सांडलं. घोरपडीचे डोळे लुकलुकले; हसायची तिची तीच रीत.

"तात्या देवळात पाण्याची कावड नेतात, तेव्हा एकच घागर भरतात का? दोन्ही भरतात. पूल बांधतानाही तसंच. मनोऱ्याच्या या अंगाला रस्त्याचा एक तुकडा, त्या अंगाला एक. पुन्हा इकडं एक, तिकडं एक. दोन्ही पारडी सारखी ठेवत हात लांब होतात. म्हणून अर्धा पूलही पडत नाही. तो अर्धा असला तरी तोललेला असतो."

सोयरानं ओला फ्रॉक पिळला. मग म्हणाली, "मग मधेच का थांबला?"

"ते माझ्या मोजणीत नाही, माऊली," घोरपड म्हणाली.

त्या वर्षी श्रावणात सप्ताह बसला. पूल झाल्यापासूनचा पहिलाच मोठा. सात दिवस अखंड नामजप, रोज रात्री कीर्तन, शेवटी काल्याचं कीर्तन आणि दहीकाला. सप्ताहात वीणा जमिनीला टेकवत नाहीत. विणेकरी गळ्यात वीणा घेऊन उभा राहतो, त्याचा पहारा संपला की पुढचा पुढं येतो, वाकून नमस्कार करतो, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. भूक लागो, झोप येवो, वीणा खाली येत नाही. तात्या गावातले जुने विणेकरी.

तात्यांनीच गावापुढं एक विचार मांडला. वाघईनं नेलेल्या माणसांची तरवाडीत वर्षातून एकदा आठवण करायची रीत होती. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्यानं त्याचं एक वस्त्र काठावरच्या निंबाला बांधायचं. "आता काठाला बांधण्यात काय हशील?" तात्या म्हणाले. "ज्या वाटेनं ती माणसं जाऊ शकली नाहीत, त्या वाटेवर बांधू."

बायकांनी सारी वस्त्रं एकाला एक शिवली. कुणाचं धोतर, कुणाचं परकर-पोलकं, कुणाच्या बाळाचं कुंचडं. त्यांची एक लांबच लांब पट्टी झाली. पुलाच्या रंगकामावर जाणाऱ्या पोरांनी टांगत्या पाळण्यात बसून ती मधल्या जोडाजवळच्या सगळ्यांत लांब दोराला वरपासून खालपर्यंत गुंडाळली. अगदी खालचं वस्त्र सोयराच्या आईचं, हिरवं लुगडं. त्याची गाठ सोयरानं स्वतः मारली, दोन वेढ्यांची, नावाड्याची. काला होईपर्यंत ते उतरवायचं नाही, असा संकल्प झाला.

घोरपडीनं आधीच सांगून पाहिलं. "माऊली, दोराला कापड चालत नाही."

"का चालत नाही?" तात्यांनी विचारलं.

"दोराच्या कवचावर बारीक उंचवटे आहेत, वेलासारखे गोल गोल चढत गेलेले. पाऊस पडला की दोरावरून पाण्याची धार उतरते. वारा त्या धारेला एका अंगाला धरून ठेवतो. मग गोल दोर गोल राहत नाही, त्याला जणू कुबड येतं. कुबड आलेल्या दोराला वारा एकदा वर ढकलतो, एकदा खाली. हेलकावा वाढतच जातो. म्हणून ते उंचवटे धार मोडून टाकतात. तुमच्या कापडानं ते झाकले गेले. आणि ओलं कापड म्हणजे धारेहून मोठं कुबड."

"वादळ आलं तर बघू," गावानं म्हटलं. "श्रावणात कुठलं वादळ?"

"वादळ नाही लागत. बेताचा वारा आणि झिमझिम पुरते."

सोयरानं तर तिचं ऐकूनच घेतलं नाही. "तुझ्या पुलानं माझी आई घेतली. चार दिवस तिचं लुगडं सांभाळलं तर काय बिघडतं त्याचं?"

घोरपडीच्या यंत्रात ताणाचं माप होतं, वाऱ्याचं होतं. याचं नव्हतं.

काल्याच्या आदल्या संध्याकाळी झिमझिम सुरू झाली. वारा बेताचा. सोयरा शाळेतून येऊन पुलाच्या तोंडाशी भुईमुगाच्या शेंगा खात बसली होती. हं हं हं असा आवाज तिच्या कानावर आला. वीणा चुकीची लागली की तात्या तोंड वाकडं करतात, तसा तिचा चेहरा झाला. मध्यावरचा लांब दोर दोरीच्या उडीसारखा हलत होता. घंटा वाजली आणि पुलाच्या दोन्ही तोंडांची फाटकं आपोआप खाली आली.

घोरपड घरंगळत तिच्याजवळ आली. "हेलकाव्यानं दोराच्या मुळाशी असलेल्या शोषकाचा (हेलकावे गिळून टाकणाऱ्या साधनाचा) एक दांडा निखळला आहे. पूल पडायचा नाही. पण दांडा रस्त्यावर उडेल, म्हणून गाड्या बंद."

"फाटक उघड की."

"फाटक मी पाडत नाही, हेलकावा पाडतो. तो थांबला की तेच उघडतं."

एवढ्यात तरवाडीच्या वाटेनं पांढरी रुग्णगाडी आली आणि फाटकाशी थांबली. मागचं दार उघडून एक म्हातारी उतरली. वरच्या पाड्यावरची गिरजाबाई. आत तिची सून कण्हत होती.

"अगं पोरी, हे फाटकाचं दांडकं उचलायला कुणाला तरी सांग," गिरजाबाई म्हणाली. "पोर आडवं आलंय. सातमाळला नेलं नाही तर…" पुढचं तिनं पदरात तोंड घालून गिळलं.

सोयराच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. तीच झिमझिम, तोच काठ. फक्त या वेळी वर फट नव्हती, पूल पुरा होता, आणि तरीही वाट बंद होती. ती बंद केली होती तरवाडीनं, प्रेमानं. आणि शेवटची गाठ तिची.

"तू वर जाऊन फाड ना ते," ती घोरपडीला म्हणाली.

"माझ्याकडं पातं आहे. पण वस्त्रं लोकांची आहेत आणि लोक नको म्हणाले होते. शिवाय खालच्या गाठीमुळं मला दोरावर चढताच येत नाही. ती कापू?"

"कापू नकोस," सोयरा म्हणाली. "मी मारली, मीच सोडीन."

"दोर हलतोय, माऊली."

"विणेची तार मधे हलते. टोकाच्या घोडीपाशी हलत नाही."

घोरपडीचे डोळे क्षणभर स्थिर झाले. "खरं आहे. दोर मुळाशी जवळजवळ स्थिर असतो. पण माझ्या आडून चला, आणि मी सांगेन तिथंच उभ्या राहा."

दोघी मध्यावर गेल्या. घोरपड निखळलेल्या दांड्याच्या आणि सोयराच्या मधे पोट आडवं घालून उभी राहिली. गाठ भिजून दगड झाली होती. नखं दुखली, दात लावावे लागले. लुगड्याला अजून कापराचा वास होता, पेटीतला. गाठ सुटली तसं लुगडं तिच्या हातात आलं. ती पदपथावर मागं सरकली.

"आता फाड," ती म्हणाली. "सगळं."

घोरपड दोरावर चढली. पुढचं पातं कापड उभं चिरत गेलं. धोतरं, पोलकी, कुंचडी एकामागून एक सुटली आणि वाऱ्यावर हेलकावत खाली वाघईत पडली. नदीनं ज्यांना एकदा नेलं होतं, त्यांना पुन्हा नेलं. सोयरा बघत राहिली. रडावं असं तिला वाटलं नाही. तोंडात कडू चव आली फक्त, निंबाचा पाला चावल्यासारखी.

दोराचं हं हं बारीक होत गेलं आणि थांबलं. घोरपडीनं उतरता उतरता निखळलेला दांडा उचलून पोटाखाली घेतला. फाटकं वर गेली. रुग्णगाडी पुढून निघून गेली, तेव्हा काचेतून गिरजाबाईचे जोडलेले हात दिसले. गाडी गेल्यावर सोयरानं खाली पाहिलं. ती त्या फिक्या पट्टीवरच उभी होती.

तिनं पट्टी पावलांनी मोजली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जेमतेम शाळेच्या बाकाएवढी. मग तिनं हात पसरले. इकडं एक तुकडा, तिकडं एक. पारडी सारखी. अर्धा असला तरी तोललेला. तिच्या मनात काहीतरी हळूच जागेवर बसलं.

"घोरपडे, या पट्टीला किती वेळ लागतो? बाकी सगळं उभं असताना?"

"तुकडा तयार असेल तर उचलून बसवायला एक सकाळ. मग जोड पक्का करायला थोडे दिवस. चालत जाणाऱ्याला तर त्याच संध्याकाळी फळी टाकता येते."

"म्हणजे तांत्रिक अडचण नव्हती."

"ताणात नव्हती. दाबात नव्हती. पोलादातही नव्हती," घोरपड म्हणाली. "माझ्या मोजणीत जेवढं येतं, त्यात कुठंच नव्हती, माऊली."

मंडपात तात्या पहाऱ्यावर होते, गळ्यात वीणा. सोयरा हिरवं लुगडं छातीशी धरून समोर उभी राहिली. बातमी आधीच पोचली होती. मागून कुणीतरी कुरकुरलं, "एक दिवस राहिला होता काल्याला. देवाचं काम अर्ध्यात मोडलं."

"मोडलं नाही," तात्या मान न वळवता म्हणाले. "देवाचं काम गाडीत बसून सातमाळला गेलं."

पुढच्या विणेकऱ्यानं वाकून नमस्कार केला. तात्यांनी वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि नातीला घेऊन मंडपाबाहेर ओट्यावर बसले.

"शोषक मोडलाय," सोयरा म्हणाली. "घोरपड म्हणते, दोरही बदलावा लागेल."

"म्हणजे पूल बंद पुन्हा."

"नाही. तुमचा विणेकरी बदलतो तेव्हा नाम थांबतं का? तसंच. एक दोर काढायचा तर त्याचं ओझं आधी शेजारच्या दोरांवर देतात. त्यांना ते पेलेल एवढे ते मुळातच जाड केलेले असतात. ओझं खाली येत नाही. या खांद्यावरून त्या खांद्यावर जातं. गाड्या हळू जातील, पण जातील."

तात्या तिच्याकडं बघत राहिले. "हे तुला कळलं सगळं?"

"कळलं. आणि तेव्हा अडचण नव्हती, हेही कळलं. एका सकाळचं काम होतं, तात्या."

तात्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"ठाऊक होतं," तात्या म्हणाले. "कोनशिलेवर कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, यावरून दोन मोठी माणसं अडून बसली होती. तुकडा काठावर ताडपत्रीखाली पडून होता. मी त्याच्याच आडोशाला नाव बांधायचो."

"मला का नाही सांगितलं?"

"सहा वर्षांची होतीस. नदीवर रागावलेलं पोर कधीतरी नदीकाठी खेळायला जातं. माणसांवर रागावलेलं पोर कुठं जाणार होतं?"

सोयरानं लुगड्याची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली. राग गेला नव्हता. त्याला पत्ता मिळाला होता, एवढंच.

काल्याच्या दिवशी सकाळी दुधाच्या गाडीबरोबर निरोप आला. गिरजाबाईच्या सुनेला मुलगी झाली, दोघी सुखरूप. तात्यांनी ऐकलं आणि दहीहंडीचा पहिला काला सोयराच्या हातावर ठेवला. तो गोड लागला. पण गिळताना आई आठवली, आणि मग तितका गोड राहिला नाही.

दुपारी ती पुलावर गेली. घोरपड नव्या दोरासाठी शेजारच्या दोरांची मापं घेत होती. हातोडीनं ठोकायची, कान लावायची. तारेचा स्वर चढा की उतरा, त्यावरून ताण कळतो.

"नदीच्या वरच्या अंगाला, धामणखेड्यापाशी, दुसरा पूल होतोय," घोरपड म्हणाली. "दोन्ही हात निघालेत. पुढच्या उन्हाळ्यात समोरासमोर येतील."

"आणि थांबले तर?"

"मला तिथं मोजायला पाठवतील. मोजलेलं मी सांगीन. पुढचं विचारणं माझ्या कामात बसत नाही."

"माझ्या बसतं," सोयरा म्हणाली. "उपरणं आणि दोन तांबे घेऊन मी जाईन. म्हणीन, दाखवा तुमची अडचण. ताणात आहे की दाबात?"

घोरपडीचे डोळे लुकलुकले. सोयरा वळली आणि पुलावरून पुढं चालू लागली. मधल्या जोडापाशी आली तेव्हा तिनं उडी मारली नाही. त्यावर दोन्ही पाय ठेवले, जरा थांबली, आणि पलीकडं गेली.